पाणीपट्टी आणि आपण

(तळेगाव (श्यामजी पंत), तालुका आष्टी, जिल्हा वर्धा येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



तथागत भगवान बुद्ध आणि परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन करून मी विषयाकडे वळतो. मी बँकेत लिपिक आहे. विद्वान नाही आणि फर्डा वक्ताही नाही. कला शाखेत शिकलो म्हणून इतिहासाची थोडी आवड आहे आणि नोकरीमुळे हिशेबाची सवय लागली आहे. या दोहोंच्या आधारे मी आज पाणीपट्टी या विषयावर बोलणार आहे. काहींना वाटेल, हा काय व्यासपीठावरून बोलण्याचा विषय झाला? समाजापुढे मोठमोठे प्रश्न असताना नळाच्या बिलावर भाषण कशाला? पण मित्रहो, ज्या समाजाला या देशात पाण्यासाठी सत्याग्रह करावा लागला, त्या समाजाला तरी पाण्याचे बिल हा किरकोळ विषय वाटू नये.

आपल्या वस्त्यांमध्ये दोन वाक्ये वारंवार ऐकू येतात. पहिले, "पाणी निसर्गाने दिले, त्याची पट्टी कशाची?" दुसरे, "आमच्या नळाला पाणीच येत नाही, मग पट्टी कशाला भरायची?" पहिल्या वाक्यात गैरसमज आहे. दुसऱ्यात तथ्य आहे, पण त्यातून काढलेला निष्कर्ष आपल्याच नुकसानीचा आहे. माझे सगळे भाषण या दोन वाक्यांभोवतीच आहे.

आधी इतिहास पाहू. महात्मा जोतीराव फुले यांनी १८६८ साली पुण्यात आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. त्या काळी हे केवढे धाडस होते, हे वेगळे सांगायला नको. परंतु तो हौद जोतीरावांचा स्वतःचा होता. तो खुला झाला तो त्यांच्या अंतःकरणाच्या मोठेपणामुळे. गावोगाव जोतीराव नव्हते आणि दुसऱ्याच्या मोठेपणावर कोणत्याही समाजाची तहान कायमची भागत नाही.

पुढे ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेले आणि सांभाळलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यवर्गास वापरू द्याव्यात, असा त्याचा आशय होता. यातील 'सार्वजनिक पैसा' या शब्दांकडे विद्यार्थ्यांनी विशेष लक्ष द्यावे. पाणवठा कोणाच्या दयेने नव्हे तर सर्वांच्या पैशाने चालतो, म्हणून तो सर्वांचा, हे तत्त्व त्या ठरावात होते. १९२४ च्या जानेवारीत महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. पण ठराव कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्याले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरमध्ये विरोधकांनी न्यायालयात धाव घेतली आणि तो दावा तब्बल नऊ वर्षांहून अधिक काळ चालला. अखेर १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला. तळ्यावर फक्त सवर्णांचाच हक्क असल्याची पुरातन रूढी विरोधकांना सिद्ध करता आली नाही.

या इतिहासातून आजच्या विषयापुरते एवढेच घ्यायचे की, पाण्याच्या लढ्यात सार्वजनिक मालकीचा मुद्दा फार महत्त्वाचा होता. चवदार तळे कोणाच्या वाड्यातील आड असते, तर लढा कितीतरी अवघड झाला असता. जे सार्वजनिक आहे, त्यावरच आपल्याला बरोबरीने हक्क सांगता येतो. म्हणून सार्वजनिक नळयोजना टिकण्याची गरज कोणाला सर्वांत जास्त आहे, याचा विचार आपण करायचा आहे.

आता पहिल्या वाक्याकडे येऊ. पाणी निसर्गाचे, हे खरे आहे. आपल्या आष्टी तालुक्याच्या सीमेवर वर्धा नदीवर ऊर्ध्व वर्धा धरण आहे. त्याच्या जलाशयाला नल-दमयंती सागर असे सुंदर नाव आहे आणि तेथील पाणी अमरावती शहराला पिण्यासाठी जाते. पण धरण जवळ आहे म्हणून आपल्या स्वयंपाकघरातील गुंड आपोआप भरत नाही. विहिरीतून किंवा नदीतून पाणी उपसावे लागते, शुद्ध करावे लागते, टाकीत चढवावे लागते, पाइपने घरोघर न्यावे लागते. मोटर जळते, व्हॉल्व्ह बिघडतो, पाइप फुटतो. ब्लीचिंग पावडर विकत आणावी लागते. पाणी सोडणाऱ्या माणसाला पगार द्यावा लागतो. पाणीपट्टी ही या सगळ्या खटाटोपाची वर्गणी आहे.

यात सर्वांत मोठा खर्च बहुधा विजेचा असतो. एक हजार लिटर पाणी साठ मीटर उंच चढवायचे, तर पंपातील नासधूस धरून साधारण युनिटचा तिसरा हिस्सा वीज लागते. पाच माणसांच्या घराला वर्षाला सुमारे एक लाख लिटर पाणी लागते, असे धरू. म्हणजे एका घरामागे वर्षाला तेहतीस युनिट आणि हजार घरांच्या गावाला तेहतीस हजार युनिट. त्यातच वाटेत तिसरा हिस्सा पाणी गळाले, तर तेवढेच पाणी घरी पोहोचवण्यासाठी दीडपट उपसा करावा लागतो आणि तेहतीस हजारांचे जवळपास पन्नास हजार युनिट होतात. रस्त्यात फुटलेल्या पाइपातून वाहणाऱ्या पाण्याचे बिल अशा रीतीने सगळे गाव भरत असते.

एक लाख लिटर हा आकडा मी मनाने घेतलेला नाही. केंद्र सरकारने २०१९ साली जाहीर केलेल्या जलजीवन मिशनमध्ये ग्रामीण भागासाठी दरमाणशी रोज ५५ लिटर हे प्रमाण ठरवले आहे. पाच माणसांचे रोजचे २७५ लिटर आणि वर्षाचे लाखाच्या थोडे वर होतात. आता समजा, एखाद्या गावाची पाणीपट्टी वर्षाला १२०० रुपये आहे. म्हणजे महिन्याला शंभर रुपये आणि लिटरमागे सव्वा पैसासुद्धा नाही. वीस लिटरचा थंड पाण्याचा कॅन वीस रुपयांना घेतला, तर लिटरला एक रुपया पडतो. नळाच्या पाण्याच्या ऐंशीपट! लग्नकार्यात आपण पन्नास कॅन मागवतो, तेव्हा हजार रुपये मोजताना कोणी कुरकुर करत नाही. पण पाणीपट्टीची पावती फाडताना मात्र आपल्याला निसर्ग आठवतो.

मात्र याला दुसरी बाजू आहे आणि ती झाकून मी पुढे जाणार नाही. पाणी पुरेसे आले तरच लिटरला सव्वा पैसा. ज्याच्या नळाला चार दिवसांआड अर्धा तास पाणी येते, त्याला तीच पट्टी कितीतरी महाग पडते. सरसकट आकारणीत हा दोष आहे. टाकीजवळच्या घराला भरपूर पाणी, शेवटच्या टोकाच्या घराला करंगळीएवढी धार आणि बिल दोघांना सारखेच! खेड्यापाड्यांत आपल्या वस्त्या बहुधा कोठे असतात, हे तुम्ही जाणता. जुन्या काळी गावकुसाबाहेर होत्या. त्यामुळे पुष्कळ गावांत आज त्या पाइपलाइनच्या शेपटाला आहेत. जातीने ठरवलेली जागा आता पाण्याच्या दाबात दिसते. त्यातच मधल्या घरांनी नळाला टिल्लू पंप लावले की शेवटच्या घराला फक्त हवा मिळते. म्हणून "पाणीच येत नाही तर पट्टी कशाला" असे कोणी म्हणतो, तेव्हा त्याचा राग मला खोटा वाटत नाही.

पण मित्रहो, पट्टी न भरल्याने काय होते, ते टप्प्याटप्प्याने पाहा. वसुली थांबली की पहिल्यांदा विजेचे बिल थकते. मग पंप कमी वेळ चालतो आणि टाकी अर्धीच भरते. अर्ध्या टाकीचा दाब कमी पडतो, म्हणजे पहिल्यांदा कोरडा पडतो तो शेवटचा नळ. पुढे वीज तोडली गेली की सगळी योजना बंद. त्या दिवशी ज्याच्या वाड्यात बोअर आहे, शेतात विहीर आहे, त्याचे काही अडत नाही. अडते ते ज्याच्याकडे नळाशिवाय दुसरे काही नाही त्याचे. त्याच्या घरातील बाई डोक्यावर गुंड घेऊन पुन्हा दुसऱ्याच्या विहिरीवर उभी राहते आणि मालक हो म्हणेपर्यंत थांबते. सार्वजनिक योजना मोडली की आपण पुन्हा खासगी दयेवर येतो. जेथून आपल्याला महाडने बाहेर काढले, तेथेच थकबाकी आपल्याला परत नेऊन सोडते.

म्हणून माझे सांगणे असे की, पट्टी भरावी आणि पावती हातात घेऊन हिशेब मागावा. थकबाकीदाराचा आवाज सभेत पडतो. "आधी तुमचे भरा" एवढे तीन शब्द त्याचे तोंड बंद करायला पुरतात. पावती असलेल्या माणसाला असे गप्प करता येत नाही. याचा अर्थ असा मात्र नव्हे की, जो भरू शकत नाही त्याचा पाण्यावर हक्कच नाही. २८ जुलै २०१० रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने पिण्याचे पाणी हा मानवी हक्क म्हणून मान्य केला. हक्क माणसाचा असतो, पावतीचा नसतो. ज्या घरात खरोखरच कमावते कोणी नाही, त्या घराचा भार गावाने उचलावा. पण ज्यांच्या दारात मोटारसायकल आहे आणि हातात मोबाइल आहे, त्यांनी त्या निराधार म्हातारीच्या आड लपू नये.

आता कायदा थोडक्यात सांगतो. विद्यार्थ्यांना तो उपयोगी पडेल. आपल्या राज्यातील ग्रामपंचायती १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाप्रमाणे चालतात. त्याच्या कलम १२४ मध्ये कर व फी बसवण्याचा अधिकार आहे. पाण्यासाठी त्यात दोन प्रकार आहेत. एक सामान्य पाणीपट्टी आणि दुसरी, पाइपने घरी दिलेल्या पाण्याची विशेष पाणीपट्टी. विशेष पाणीपट्टी कोणत्या पद्धतीने आकारावी, याबाबत कायद्याने हात बांधलेले नाहीत; निरनिराळ्या वर्गांची परिस्थिती पाहून पद्धत ठरवण्यास वाव ठेवला आहे. म्हणजे सरसकट एकच दर ही देवाने दिलेली आज्ञा नव्हे. मीटर बसवता येते, कमी पाणी मिळणाऱ्या भागाचा वेगळा विचार करता येतो. कर बसवण्यापूर्वी लोकांच्या हरकती मागवाव्या लागतात. आकारणी अन्यायाची वाटल्यास पंचायत समितीकडे अपील करता येते. आकारणीची नोंद नमुना ८ मध्ये, मागणीची नमुना ९ मध्ये असते आणि पैसे भरल्यावर नमुना १० ची पावती मिळते. पावतीशिवाय कोणाच्याही हातात एक रुपया ठेवू नका, हे मी बँकेतला माणूस म्हणून सांगतो.

कलम १२९ प्रमाणे वसुलीसाठी आधी बिल, मग मागणीचा लेख आणि त्यानंतर जंगम मालमत्तेची जप्तीसुद्धा होऊ शकते. त्याहून महत्त्वाचे कलम १४ आहे. ग्रामपंचायतीचा कर मागितल्यापासून आणि रीतसर बिल मिळाल्यापासून तीन महिन्यांत भरला नाही, तर तो माणूस सदस्य होण्यास किंवा सदस्य राहण्यास अपात्र ठरू शकतो. राखीव जागा आपल्याला घटनेने मिळाल्या. १९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीने त्या पंचायतीपर्यंत आल्या आणि महाराष्ट्रात २०११ पासून निम्म्या जागा स्त्रियांसाठी आहेत. इतक्या लढ्यानंतर मिळालेली जागा काहीशे रुपयांच्या थकबाकीपायी जावी, यासारखे दुर्दैव नाही.

आणखी एक हिशेब सांगतो. ग्रामपंचायतीने आपल्या स्वतःच्या उत्पन्नातील १५ टक्के रक्कम मागासवर्गीयांच्या कल्याणासाठी खर्च करावी, असा नियम आहे. ती खर्च झाली की नाही, हे आपण ग्रामसभेत जरूर विचारावे. पण गावाने करच भरला नाही, तर शून्याचे पंधरा टक्के शून्यच होतात. शासनाचा निधी येतो हे खरे. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळात पंचायतींना दिलेल्या अनुदानातील ६० टक्के भाग बंधित ठेवला होता आणि त्यातील निम्मा पिण्याच्या पाण्यासाठी होता. पण आयोग येतात आणि जातात. नळ मात्र रोज सकाळी चालू व्हावा लागतो.

गाव मनावर घेते तेव्हा काय होते, याचे उदाहरण मराठवाड्यात आहे. औरंगाबाद, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील पाटोदा गावाने भास्करराव पेरे पाटील यांच्या सरपंचपदाच्या काळात एक साधी युक्ती केली. जो कुटुंबप्रमुख ग्रामपंचायतीचे कर भरील, त्याचे दळण गावच्या गिरणीत वर्षभर मोफत. लोकांनी दळणाचा खर्च आणि कराचा आकडा शेजारी शेजारी मांडून पाहिला आणि कर भरू लागले. धाकदपटशापेक्षा परतफेड दिसल्याने वसुली होते, हा त्यातला धडा. आपण दिलेल्या पैशाचे काय झाले, हे डोळ्यांना दिसले की माणूस कुरकुरत का होईना, पण देतो.

जगात इतरत्रही यावर विचार झाला आहे. वर्णभेदातून मुक्त झालेल्या दक्षिण आफ्रिकेने २००१ पासून प्रत्येक कुटुंबाला महिन्याला पहिले सहा हजार लिटर पाणी मोफत देण्याचे धोरण स्वीकारले. त्यापुढील वापराला दर. ज्याला जगण्यापुरते पाणी हवे त्याला तोशीस नाही आणि जो बागेत पाइप सोडून ठेवतो त्याच्यावर भार. तत्त्व चांगले होते, तरी प्रश्न सुटले नाहीत. जोहान्सबर्गच्या सोवेटो भागात आगाऊ पैसे भरून चालणारे मीटर बसवले गेले. मोफत पाणी महिना संपण्याआधीच संपते आणि नळ आपोआप बंद होतो, म्हणून तेथील गरीब रहिवासी न्यायालयात गेले. २००९ मध्ये तेथील सर्वोच्च घटनात्मक न्यायालयाने निकाल त्यांच्या विरोधात दिला. यावरून एवढे शिकायचे की, दराचा तक्ता नुसता कागदावर न्याय्य असून भागत नाही. एका घरात पाच माणसे राहतात की बारा, हेही दर ठरवणाऱ्याने पाहिले पाहिजे.

मग आपण काय करावे? मोठे आंदोलन मी सुचवत नाही. चार साधी कामे सुचवतो. पहिले, प्रत्येक घराने पाणीपट्टी मार्चची वाट न पाहता हप्त्याहप्त्याने भरण्याची सोय मागावी. मजुरी करणाऱ्या बाईला बाराशे रुपये एकदम जड जातात, महिन्याला शंभर जमतात. बचत गटांना हे काम उत्तम साधेल. दुसरे, पाण्याचा जमाखर्च ग्रामसभेत वाचून दाखवावा, असा आग्रह धरावा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या दिवसांच्या सभांना आपली माणसे, विशेषतः भगिनी, किती जातात? पट्टी किती जमली, थकली कोणाची, वीजबिल किती, दुरुस्ती किती, हे चार आकडे विचारायला पदवी लागत नाही. सभेत सांगितले नाही, तर २००५ चा माहिती अधिकार कायदा आहे. तिसरे, मोठ्या थकबाकीदारांची यादी मागावी. गरिबाच्या तीनशे रुपयांसाठी दोन फेऱ्या आणि धनवंताच्या तीस हजारांकडे डोळेझाक, असे कोठे होत असेल तर ते उघड व्हावे.

चौथे काम विद्यार्थी मित्रांसाठी आहे. एक वही करा. आपल्या वस्तीतील दहा घरे निवडा. रोज नळाला पाणी किती वाजता आले, किती वाजता गेले, एक बादली भरायला किती वेळ लागला, हे लिहून ठेवा. टाकीजवळच्या दहा घरांचीही तशीच नोंद ठेवा. तीन महिन्यांनी दोन्ही नोंदी ग्रामसभेत शेजारी शेजारी ठेवा. "आम्हाला पाणी येत नाही" हे वाक्य शंभर वेळा बोलले तरी हवेत विरते. "आमच्याकडे बादली अकरा मिनिटांत भरते आणि तिकडे दोन मिनिटांत" हे वाक्य इतिवृत्तात लिहावे लागते. मग दर कमी करा, व्हॉल्व्ह बदला, वेगळी लाइन टाका किंवा टिल्लू पंप काढा, यांपैकी काहीतरी ठरवावे लागते. बाबासाहेबांनी शिकण्याचा संदेश दिला, तो केवळ नोकरीसाठी नव्हता. ते स्वतः अर्थशास्त्राचे विद्वान होते. प्रांतिक सरकारांच्या अर्थव्यवस्थेवरील त्यांचा ग्रंथ १९२५ साली प्रसिद्ध झाला. सार्वजनिक पैसा कोठून येतो आणि कोणासाठी जातो, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. त्यांच्या अनुयायांनी निदान आपल्या गावच्या नळाचा हिशेब तरी वाचता आला पाहिजे.

मित्रहो, महाडच्या तळ्यावर आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीने ओंजळ भरली, तेव्हा त्यांच्या अंगावर काठ्या पडल्या. आज आपल्याला कोणी काठीने अडवत नाही. आज अडवतो तो अपुरा दाब, बंद पडलेला पंप आणि न वाचलेला जमाखर्च. याच्याशी लढायला छाती नको, चिकाटी पाहिजे. ती आपल्या पोरांमध्ये आहे, असा माझा विश्वास आहे. मार्चअखेर जवळ आली की आपापली पावती शोधा. नसेल तर करून घ्या आणि पुढच्या ग्रामसभेला तीच पावती खिशात ठेवून पहिल्या रांगेत बसा.



जयभीम! जय भारत!